घटाचा देह : तेरणाकाठच्या मृत्पात्रांविषयी

निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या देवळापाशी आलेला रसिक प्रथम बाहेरच्या भिंतीवरील शिल्पांसमोर उभा राहतो. दगडात आणलेला कमरेचा बाक, वळलेली मान, अलंकारांचे बारीक काम यांविषयी बोलण्यास त्याच्याजवळ शब्दांचा भरपूर साठा असतो. त्रिभंग, लालित्य, भावमुद्रा हे शब्द समीक्षेने त्याच्यासाठी घडवून ठेवले आहेत. याच परिसरातील बाजारांत मार्गशीर्ष अमावस्येच्या, म्हणजे इकडच्या बोलीत येळवसच्या, आधी बिंदग्यांची रास लागते. येळवसला आंबिल भरून शेतात न्यावयाचे हे मातीचे पात्र. घेणारी बाई ते उचलते, बोटाच्या पेराने वाजवते, कान देऊन ऐकते आणि पसंत पडले तर बाजूला ठेवते. या पात्राविषयी बोलण्यास रसिकाजवळ शब्द नसतो. बाईजवळ असतो. ती म्हणते, ‘ह्याचं पोट चांगलं हाय.’

आमच्या मते मृत्पात्राच्या कलेविषयीचे हे अत्यंत जाणते विधान आहे. ज्या मातीच्या पात्रांना देह आहे, चेहरा आहे, हातपाय आहेत, अशा मनुष्याकृती पात्रांची समीक्षा आजवर बहुधा चेहऱ्यापासून सुरू होत आली. नाक कसे आहे, डोळे किती बोलके आहेत, हे आपण आधी पाहतो आणि पात्र ही त्या चेहऱ्याची बैठक समजतो. ही समीक्षा पोटापासून सुरू व्हावी, एवढेच प्रस्तुत लेखात आम्हांला सांगावयाचे आहे. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. निलंगा तालुक्याच्या हद्दीत मांजरेला मिळणारी तेरणा ज्या गावावरून वाहत येते, त्या तेरपर्यंत उलट चालत गेले तरी पुरे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून त्याचा उल्लेख येतो. पांढरीच्या टेकाडांतून दर पावसाळ्यात मणी, नाणी, खापरे आणि मातीच्या मूर्ती वर येत. गावचेच रहिवासी असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचून जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे नाते इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी सांगितले जाते, त्यामुळे पाहुण्याचे पाय तिच्याकडे आधी वळतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु तेरचा खरा स्वभाव हस्तिदंतात नसून मातीत आहे.

सातवाहन काळातील तेरच्या मृण्मूर्तींपैकी सर्वांत नाजूक मूर्ती केओलिन या पांढऱ्या, मऊ पोताच्या मातीच्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्यात दाबावयाचा आणि दोन्ही सांधावयाचे, अशी त्यांची रीत. दोन साच्यांची ही युक्ती रोमन व्यापाराच्या ओघात इकडे आली असावी, असे अभ्यासक मानतात. केसांची गुंफण, कानांतली जड भूषणे, गालांवरचा तृप्त भराव पाहिला की त्या काळच्या नगरवासी स्त्रीपुरुषांचे सुख डोळ्यांपुढे उभे राहते. कारागिरी म्हणून त्यांची बरोबरी करणारे काम दख्खनमध्ये थोडेच सापडेल.

तरीही, संकोच बाजूला ठेवून आम्ही म्हणू, की या मूर्ती आपल्याशी बोलत नाहीत. त्या आपल्याकडे पाहू देतात. त्या आतून पोकळ आहेत, परंतु ती पोकळी साच्याने दिलेली आहे. माती कमी लागावी, भाजताना तडा जाऊ नये, मूर्ती हलकी व्हावी, एवढाच तिचा उपयोग. बाहेरच्या हास्याला आतल्या पोकळीची गरज नाही. उद्या कोणी ती पोकळी भरून टाकली तर पाहणाऱ्याला काहीच उणे वाटणार नाही.

तेरसह दख्खनच्या अनेक जुन्या स्थळांवर मिळालेल्या लज्जागौरीच्या मूर्तींपाशी आलो की मात्र ही तृप्ती विस्कटते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली आपल्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात या देवतेचा जो शोध घेतला, तो मराठी संशोधनाचा एक मानदंड आहे. या मूर्तींना बहुधा मस्तक नसते. कित्येकींच्या मानेवर त्याऐवजी कमळ असते. पाय दुमडून फाकलेले असतात. तिच्या रूपांचा एक प्रकार असा आहे की त्यात धड म्हणजे सरळ एक भरलेला घट आहे, आणि त्या घटाला पाय फुटले आहेत. ‘सुफलतेची देवता’ असे लेबल लावून आपण येथून लवकर निसटतो. लेबल खोटे नाही, पण ते मूर्तीकडे पाहण्याचे श्रम वाचवते. पाहिले तर असे दिसते, की येथे कारागिराने चेहरा गाळला आहे आणि त्याची उणीव आपल्याला भासत नाही. जो भाव आपण डोळ्यांत, ओठांत शोधतो, तो पोटाच्या फुगवट्यात आला आहे. हा घट कोणी भरून बंद केला तर मूर्ती मरेल. आमची कसोटी एवढीच आहे : आतली पोकळी काढून घेतली तर भाव उरतो का? उरत असेल तर ती मातीची मूर्ती आहे, चांगलीही असेल. उरत नसेल, तर ते खऱ्या अर्थाने मनुष्याकृती पात्र होय.

या कसोटीस महाराष्ट्रातील ज्या पात्राइतके दुसरे काही उतरणार नाही, ते तेरणेपासून दूर, घोड नदीच्या काठी सापडले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची नावे. ताम्रपाषाणयुगातील या वस्तीत एका अनेक दालनी घराच्या अंगणात चार पायांचा एक रांजण मिळाला. पोट सुटलेले, पाय आखूड व ठोकळ, मस्तक नाही. आणि त्या पोटात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा, गुडघे मुडपून बसलेला. त्या वस्तीत प्रौढ माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडण्याची चाल होती. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. तो वस्तीचा प्रमुख असावा आणि रांजण हे मातृदेवतेचे उदर असावे, असा तर्क करण्यात आला आहे. लहान मुलांना तर तेथे दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घराच्याच जमिनीखाली पुरीत.

या रांजणाला कोणी ‘अभिव्यक्तिपूर्ण’ म्हणणार नाही. त्यावर चेहरा नाही, रेघ नाही. तरी मेलेल्या माणसाला पुन्हा पोटात घेण्याची जी कल्पना त्यात आहे, ती कोणत्याही हसऱ्या मुखवट्यापेक्षा अधिक बोलकी आहे. तो रांजण घडविणाऱ्याला आपण शिल्प करीत आहोत असे वाटले असेल काय? बहुधा नाही. आत माणूस बसेल एवढे पोट करावयाचे आणि त्याचा भार पेलतील असे पाय लावावयाचे, एवढाच हिशेब त्याने केला असेल. त्या हिशेबाच्या सचोटीतून देह उभा राहिला.

हा सगळा पुरातत्त्वाचा विषय झाला, आजच्या मडक्याशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आपल्या भाषेत आहे. मराठीत मडक्याला तोंड असते, ओठ असतात, गळा असतो, खांदा, पोट आणि बूड असते. काही भांड्यांना कानही असतात. हे शब्द कवींनी दिलेले नाहीत. बाजारात उभे राहून सौदा करणाऱ्यांनी ते दिले आहेत. अक्षय्य तृतीयेला मराठवाड्यातील आणि विदर्भातील अनेक घरांत पितरांच्या नावाने मातीची पात्रे भरतात. त्यांतला करा हा पुरुष पितरांचा आणि केळी ही स्त्री पितरांची, अशी वाटणी असते. मेलेला आजा आणि मेलेली आजी त्या दिवशी पात्राच्या रूपाने घरात येतात; त्यांना नाकडोळे काढण्याची कोणाला गरज वाटत नाही. आणि स्मशानात चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, पाणी गळू लागते आणि शेवटी मडके मागे टाकून फोडतात. त्या आवाजाने ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा माणूस विरळा. मडके म्हणजे देह, हे त्या क्षणी कोणालाही समजावून द्यावे लागत नाही.

तेव्हा आपला कुंभार जेव्हा एखाद्या घटावर दोन गोळे चिकटवून डोळे करतो, चिमटीने नाक ओढतो, तेव्हा तो निर्जीव वस्तूला जीव देत नसतो. जो देह आधीपासून तेथे आहे, त्याची तो केवळ ओळख पटवून देत असतो.

येथे तेरच्याच आणखी एका माणसाची आठवण अपरिहार्य आहे. संत गोरोबा काका तेरचे. त्यांची समाधी तेथे आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यातील हे वडीलधारे कुंभार. त्यांच्याविषयी दोन कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या आहेत. एकीत मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबा हातात थापटणे घेऊन जमलेल्या संतांची डोकी थोपटून पाहतात आणि नामदेवांचे मडके कच्चे निघते. आम्हांला ही कथा उत्तम कलासमीक्षेचा धडा वाटते. थापटणे हे कुंभाराचे लाकडी अवजार. ओल्या मडक्याच्या आत एका हाताने दगडी गोळा धरावयाचा आणि बाहेरून दुसऱ्या हाताने थापटण्याचे घाव घालावयाचे; आतला हात आधार देतो, बाहेरचा मार देतो आणि त्या दोहोंच्या मधे पोट आकार घेते. पक्के झालेले मडकेही तो त्याच हाताने वाजवून पारखतो. तो डोळ्यांवर विसंबत नाही. भाजताना पडलेली बारीक चीर दिसत नाही, ऐकू येते. पात्राची खरी परीक्षा त्याच्या पोकळीच्या नादात आहे, ही गोष्ट बिंदगे वाजवणाऱ्या बाईला ठाऊक आहे. समीक्षकाला ती शिकावयाची आहे.

आमच्या वाचकांना येथे यिर्मया संदेष्टा आठवेल. तोही कुंभाराच्या घरी गेला होता. चाकावरचे पात्र बिघडले तेव्हा कुंभाराने त्याच मातीचे दुसरे पात्र केले, हे त्याने पाहिले. दोन कथा शेजारी ठेवल्या की एक मौज दिसते. गोरोबांच्या कथेत कच्चे असणे हा उणेपणा आहे. यिर्मयाच्या कथेत कच्चे असणे हीच आशा आहे, कारण भाजलेले पात्र पुन्हा मळता येत नाही. कुंभाराचे शहाणपण या दोहोंच्या मधे उभे असते. कधी थांबावयाचे आणि कधी आव्यात घालावयाचे, हे त्याला ठरवावे लागते.

गोरोबांची दुसरी कथा अधिक कठीण आहे. भजनात देहभान हरपून माती तुडवत असताना त्यांचे तान्हे मूल त्या चिखलात पायांखाली आले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, असे कथा सांगते. शेवट गोड असला तरी मधला प्रसंग मनातून जात नाही. ‘देह म्हणजे माती’ हे वाक्य आपण किर्तनात, प्रवचनात किती सहज ऐकतो! या कथेने त्या वाक्याची किंमत दाखवून दिली. माती आणि देह यांतला फरक ज्याला कळेनासा झाला, त्याच्या हातून काय घडू शकते, हे तिने कुंभाराच्याच घरात घडवून दाखविले. उत्तम मनुष्याकृती पात्रात ही धास्ती कुठेतरी असते. ते आपल्याला हसवीत असतानाही किंचित भिववते.

या भीतीची साक्ष दूरदेशीही मिळते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या एजफील्ड भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुलाम कुंभारांनी चेहऱ्यांचे लहान लहान कुंभ घडविले. गडद झिलईच्या पात्रावर वटारलेले पांढरे डोळे आणि विचकलेले पांढरे दात. हा पांढरेपणा केओलिनचा, म्हणजे तेरच्या त्या सुखी मूर्तींचीच माती. पण परिणाम किती वेगळा! तेरच्या मूर्तीत ती माती कांतीसारखी पसरली आहे. एजफील्डच्या कुंभात ती डोळ्यांपुरती उरली आहे आणि म्हणून रोखून पाहते. कुंभाचे तोंड आणि माणसाचे तोंड ही तेथे दोन वेगळी तोंडे आहेत. वरचे उघडे आहे, खालचे दातांनी बंद आहे. ज्याला बोलण्याची मुभा नव्हती, त्याने केलेले हे पात्र आहे, हे सांगण्यासाठी चरित्राची गरज उरत नाही.

त्या कुंभारांपैकी बहुतेकांची नावे हरवली. त्याच भागातला एक जण मात्र आपल्या नावानिशी उरला. डेव्हिड ड्रेक हा गुलाम कुंभार मोठाले रांजण घडवी आणि ओल्या मातीवर आपले नाव, तारीख आणि कधीकधी दोन ओळींचे पद्य कोरी. गुलामाने अक्षर शिकणे हा जेथे गुन्हा मानला गेला, तेथे त्याने हे केले. कुंभार आणि कवी एकाच देहात असू शकतात, हे तेरच्या वाचकाला नव्याने सांगावयास नको. २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने एजफील्डच्या या कृष्णवर्णीय कुंभारांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा ज्यांना एके काळी गमतीची भांडी म्हटले जाई, त्यांच्यापुढे जाणकार गंभीरपणे उभे राहिले. आपल्याकडे असे उभे राहण्याची वेळ अजून यावयाची आहे.

अशा कारागिराला आपल्या कलाजगताने दोन विशेषणे तयार ठेवली आहेत : ‘लोककलावंत’ आणि ‘स्वयंशिक्षित’. पहिले त्याला गर्दीत हरवते, दुसरे त्याला एकटे पाडते. कलाशाळेत गेला नाही म्हणून तो स्वतःच शिकला, असे मानणे हा कलाशाळेचा अहंकार झाला. ज्या घरात माती चाळणारी आई, लीद आणि राख मिसळून ती मळणारी आजी, आवा रचणारा चुलता आहे, त्या घरातल्या मुलाला स्वयंशिक्षित कसे म्हणावे? अनेक कुंभारघरांत बाईने चाकाला हात लावू नये असा दंडक होता. चाकाबाहेरचे जवळजवळ सगळे काम मात्र तिचेच. पण उलट बाजूही खरी आहे. परंपरेने त्याला घट दिला, घटावरचा विशिष्ट चेहरा दिला नाही. तो त्याचा स्वतःचा. एखाद्या पात्राची भुवई थोडी वर का गेली, ओठ एका बाजूला का ओढला गेला, याचे उत्तर जातीच्या किंवा गावाच्या इतिहासात सापडणार नाही. त्यासाठी त्या माणसाकडेच जावे लागेल, आणि त्यासाठी त्याचे नाव ठाऊक असावे लागेल.

कुंभाराचे अतिरिक्त कौतुक करण्याचा दोष आमच्यावर येऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की चेहरा असलेले प्रत्येक मडके कलाकृती नसते. शहरांतील हस्तकलेच्या प्रदर्शनांत आज चेहऱ्यांच्या कुंड्या भरपूर मिळतात. मिटलेले डोळे, ठरावीक मंद स्मित, डोक्यावर केसांच्या जागी रोपटे. त्या सुबक असतात आणि पाहताक्षणी संपतात. त्यांचे पोट खोटे आहे. कुंडी जशी असेल तशी राहते आणि चेहरा वरून लावलेला असतो. दोघांची भेट होत नाही. त्या घडविणाऱ्या हातांना मात्र आम्ही दोष देणार नाही. पाणी प्लॅस्टिकच्या घागरीत, धान्य पत्र्याच्या कोठीत आणि आंबिल स्टीलच्या कळशीत गेले, तेव्हा मातीच्या पात्राला भरण्यासारखे काही उरले नाही. जे भरावयाचे नाही त्याला पोट कशाला, असे माती स्वतःच म्हणू लागते. मनुष्याकृती पात्राची कला वापरातल्या पात्राच्या पाठीवर उभी असते. पाठ वाकली की तिचा मुखवटा होतो.

निलंगा, औसा, उमरगा, लोहारा या भागाला मातीविषयी लिहिताना एक दिवस वगळता येत नाही. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती पाण्यात विसर्जित झाले आणि लोक उशिरा निजले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे ८,००० माणसे गेली. ज्या मातीने उन्हाळ्यात घर थंड ठेवले तिनेच घरातल्यांना गाडले. गोरोबांच्या कथेतला चिखल या तालुक्यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यानंतर येथील माणसाने मातीच्या छपरावरचा विश्वास काढून घेतला आणि सिमेंटचे घर मागितले, यात त्याचे काहीही चुकले नाही. मातीचे गोडवे गाणाऱ्या लेखकाने या भागात लिहिताना हे ध्यानात ठेवावे.

आणि तरीही येळवसला बिंदगे लागते. मातीने जे केले ते विसरून नव्हे. ज्या घरांतून माणसे गेली, त्या घरांनाही अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी भरावीच लागते. मातीशी असलेला हा दुहेरी व्यवहार, आधाराचा आणि माराचा, थापटणे धरणाऱ्या कुंभाराला प्रथमपासून ठाऊक आहे. आमच्या मते त्याच्या पात्रांतील भावाचे मूळ तेथे आहे. तो भाव भोळेपणातून आलेला नाही.

वस्तुसंग्रहालयात पात्राखाली चिठ्ठी असते. तीवर स्थळ असते, शतक असते, उंची असते. घडविणाऱ्याचे नाव नसते, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरासाठी ते आता मिळणारही नाही. परंतु आजच्या कुंभाराच्या बाबतीत ही सबब चालणार नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या शिक्षकाने, धर्मगुरूने, महाविद्यालयीन विद्यार्थ्याने मनात आणले तर आपल्या पंचक्रोशीत मातीचे काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांची नावे, त्यांच्या पात्रांचे प्रकार आणि त्या प्रकारांना त्यांनीच दिलेले शब्द एका वहीत उतरवून घेण्यास एक उन्हाळ्याची सुटी पुरेल. समीक्षेचा तो पाया ठरेल. आमच्यासारख्यांचे लेख त्यानंतर. तोवर निदान एवढे करावे : पुढच्या येळवसला बिंदगे घेताना ते वाजवून पाहावे, आणि पैसे देताना ते कोणी घडविले हे विचारावे.